न हलणाऱ्या नटांची शॉर्टफिल्म

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शॉर्टफिल्म करायला सांगितली की गाडं बहुतेक वेळा नटांपाशी अडतं. वर्गातल्या मित्रांनाच उभं करायचं म्हटलं तर एकाची परीक्षा असते, दुसऱ्याची लोकल चुकते, तिसरा मधेच दाढी करून येतो आणि कालच्या शॉटशी आजचा शॉट जुळत नाही. हे सांभाळण्यातच वेळ जातो आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हा विचार मागे पडतो. म्हणून पहिली फिल्म खेळण्यांना घेऊन करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचतात, हे उघडच आहे. पण त्याहून मोठा फायदा शिकण्याचा आहे. चांगला नट फसलेला शॉटही तारून नेतो. खेळणं तसं करू शकत नाही. चौकट चुकली, प्रकाश सपाट पडला, कट उशिरा आला किंवा आवाज पोकळ लागला, की पडद्यावर ते लगेच उघडं पडतं. सिनेमाची भाषा इतक्या थेटपणे शिकवणारा दुसरा नट मिळणं कठीण.

खेळणी म्हटली की बहुतेकांच्या डोक्यात स्टॉप मोशन येतं, म्हणजे वस्तू कणभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. ही पद्धत सुंदर आहे आणि आपल्याकडे जुनीही आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट याच पद्धतीने काड्या हलवून केला होता. पण कामाला लागण्याआधी हिशेब मांडा. सेकंदाला १२ फोटो धरले तर मिनिटाला ७२० होतात, तीन मिनिटांना २१६०. एका फोटोला अर्धा मिनिट लागलं तरी नुसते फोटो काढायलाच सलग १८ तास हवेत, आणि त्यात टेबलाला एकदा धक्का लागला की तो शॉट पहिल्यापासून. कित्येक विद्यार्थ्यांच्या फिल्म चाळीस सेकंदांवर थांबतात त्या याच कारणाने. उत्साह संपतो, गोष्ट अर्धी राहते.

सगळी फिल्म हलवण्याची गरजच नाही. रिथी पान्ह हे कंबोडियाचे दिग्दर्शक. ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, त्यांचं जवळजवळ सगळं कुटुंब गेलं. त्या दिवसांत लोकांनी जे भोगलं त्याची चित्रं कुठे उरलीच नव्हती. ‘द मिसिंग पिक्चर’ या २०१३ च्या माहितीपटात त्यांनी मातीच्या छोट्या बाहुल्या करवून ते सारं उभं केलं. या बाहुल्या पूर्ण फिल्मभर हलत नाहीत. कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो, निवेदन चालू असतं आणि भाताच्या खाचरात वाकलेली ती रंगवलेली माणसं पाहताना गळा दाटून येतो. कान चित्रपट महोत्सवात या फिल्मला ‘अँ सर्तें रगार’ विभागाचा मुख्य पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्यांनी ही फिल्म आवर्जून पाहावी, कारण आपल्या अडचणीचं उत्तर तिच्यात आहे.

हे शक्य होतं त्याचं कारण सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. एका नटाच्या भावहीन चेहऱ्याचा एकच शॉट त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडला. एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच होता, पण प्रेक्षकांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा दुःख. खेळण्याचा चेहरा तर कायमचाच भावहीन. म्हणजे कुलेशॉव्हचा प्रयोग करायला याहून योग्य नट नाही. बाहुलीचा क्लोजअप घ्या, त्यानंतर बंद होणाऱ्या दाराचा शॉट लावा, पुन्हा तोच क्लोजअप. प्रेक्षक मनातल्या मनात बाहुलीचा अभिनय पूर्ण करतो. तुमचं काम त्याला योग्य दार दाखवण्याचं.

यावरून गोष्ट कशी निवडायची तेही ठरतं. मारामारी, पाठलाग, नाच या गोष्टी खेळण्यांकडून करून घ्यायला जाऊ नका. खेळणं जे आपोआप करतं, तीच त्याची भूमिका करा. ते एका जागी उभं राहतं, वाट पाहतं, हरवतं, तुटतं, विसरलं जातं, एका हातातून दुसऱ्या हातात जातं. दिवाळीचा किल्ला घ्या. माती, दगड, हळीव पेरून आलेली हिरवळ आणि दारावर उभा रंगवलेला मावळा. सेट तयार आहे, तोही पदरचे पैसे न घालता. मावळ्याला पहाऱ्यावर उभं केलेलं आहे. दिवाळी संपते, पणत्या उचलल्या जातात, हिरवळ पिवळी पडते, मुलं शाळेत जातात. पहारा उठवायचा हुकूम कोणी देत नाही. एवढ्यात तीन मिनिटांची फिल्म आहे, आणि तिच्यात मावळ्याने हालचाल केली तर उलट फिल्म बिघडेल. गोष्ट शोधताना हीच कसोटी लावा: या जागी माणूस नट घेतला असता तर गोष्ट अधिक चांगली झाली असती का? उत्तर ‘हो’ आलं तर दुसरी गोष्ट शोधा.

खेळणीही त्याच हिशेबाने निवडा. फार हसऱ्या चेहऱ्याचं खेळणं घेऊ नका. रंगवलेलं मोठं हसू कोणत्याही कटने पुसता येत नाही. डोळे साधे, तोंड लहान, चेहरा किंचित पुसट असेल तर उत्तम. सावंतवाडीची लाकडी खेळणी, भातुकलीची पितळी भांडी, जत्रेतल्या मातीच्या बाहुल्या यांच्यावर प्रकाश छान बसतो. गुळगुळीत प्लास्टिक चमकतं आणि त्यात दिवा, फोन, तुमचा हात असं सगळं दिसतं. प्लास्टिकच घ्यावं लागलं तर त्यावर टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवा, चमक मरते. एका फिल्ममधली सगळी पात्रं साधारण एकाच प्रमाणातली हवीत. मुद्दाम विजोड प्रमाण वापरायचं असेल, मोठ्या टेडीसमोर चिमुकला शिपाई असं, तर ते गोष्टीत यायला हवं. आणि महत्त्वाच्या पात्राच्या शक्य तर दोन प्रती घ्या. एक पडून फुटतेच.

आता कॅमेरा. साधा फोन पुरतो. व्हिडिओ काढताना फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. बऱ्याच फोनवर चित्रावर बोट दाबून धरलं की पहिली दोन लॉक होतात, तिसऱ्यासाठी प्रो मोड किंवा वेगळं अ‍ॅप लागतं. हे केलं नाही तर शॉट चालू असताना रंग आणि उजेड आपोआप बदलत राहतात. फार जवळ गेलं की काही फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, थोडं मागे या आणि दोनपट झूम वापरा.

सगळ्यात जास्त फिल्म बिघडतात त्या कॅमेऱ्याच्या उंचीमुळे. आपण टेबलाशी उभे राहून खाली बघत शॉट घेतो, त्यामुळे प्रेक्षकाला खेळणं दिसतं, पात्र दिसत नाही. लेन्स खेळण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मावळा दहा सेंटिमीटरचा असेल तर लेन्स टेबलापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर हवी. फोन उलटा धरला की लेन्स खाली येते. तरीही जमत नसेल तर सेट टेबलाच्या अगदी कडेला सरकवा आणि कॅमेरा कडेच्या बाहेर, टेबलाच्या पातळीवर धरा. एवढ्या एका बदलाने दगडाचा कडा होतो आणि भातुकलीचा बंब खोलीएवढा दिसायला लागतो. पाठीमागे आकाश हवं असेल तर फिक्या निळ्या कार्डशीटचा तुकडा सेटपासून निदान हात-दीड हात लांब उभा करा. जवळ लावला तर खेळण्याची सावली आकाशावर पडते आणि सगळं खोटं ठरतं.

पाणी, धूळ, पडणारी माती यांचा एक नियम माहीत असायलाच हवा, कारण लघुप्रतिकृतींचं चित्रण करणारे तंत्रज्ञ वर्षानुवर्षं तोच वापरत आले आहेत. खेळणं लहान केलं तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. त्यामुळे खेळण्याची भिंत कोसळते ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, आणि ती लहान आहे हे कळून चुकतं. उपाय असा: खेळणं मूळ वस्तूच्या जितके पट लहान आहे त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि तितके पट जास्त फ्रेम घ्या. दहा सेंटिमीटरचा मावळा माणसाच्या साधारण सोळाव्या हिश्शाचा. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून सेकंदाला २४ च्या जागी ९६ फ्रेम हव्यात. फोनमधलं १२० चं स्लो मोशन इथे चालून जातं. हातातल्या छोट्या धातूच्या मोटारी साधारण चौसष्टाव्या हिश्शाच्या असतात, त्यांना आठ पट म्हणजे १९२ लागतात, तिथे २४० वापरा. आता तुमच्या बुरुजाची मूठभर माती खऱ्या बुरुजाच्या वजनाने खाली येईल. मातीत थोडी बारीक रांगोळी मिसळा, धूळ चांगली उठते. मात्र असे शॉट उन्हात घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, स्लो मोशनमध्ये पट्टे आणि लुकलुक होऊन दिसतं.

बाकीचे शॉट मात्र उन्हात घेऊ नका. सूर्य सरकतो आणि छोट्या सेटवर सावली भराभर पुढे जाते. खिडक्या पुठ्ठ्याने बंद करा आणि एका टेबललॅम्पवर काम करा. दिवा समोरून लावायचा नाही. बाजूने किंवा किंचित मागून लावा, म्हणजे चेहऱ्याचा एक भाग अंधारात राहील. त्या अंधारातच प्रेक्षकाला भाव दिसतात. प्रकाश फार कडक वाटला तर दिव्यापुढे थोडं अंतर ठेवून ट्रेसिंग पेपर धरा, आणि अंधारी बाजू जरा उजळायची असेल तर पॅकिंगमधला पांढरा थर्माकोल. काम करताना गडद कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचा उजेड एवढ्याशा सेटवर सहज पडतो, आणि तुम्ही हललात की तोही हलतो. एकच दिवा जागा बदलून सकाळ, दुपार आणि संध्याकाळ दाखवू शकतो: उंचावर ठेवा, दुपार झाली; खाली आणून पुढे पिवळा जिलेटीन कागद लावा, ऊन उतरलं.

हालचाल लागेलच, पण ती जपून खर्च करा. फिल्मभर स्थिर असलेलं पात्र एकदाच मान वळवतं तेव्हा प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो. त्या एका शॉटसाठी स्टॉप मोशन करा. दोन सेकंदांना २४ फोटो लागतात, ते कोणालाही जमतं. फोन घट्ट बांधा, रिमोटने किंवा इयरफोनच्या बटणाने फोटो घ्या, खेळण्याचे पाय टेबलाला मेणाने चिकटवा. हालचाल सुरू होताना आणि थांबताना लहान लहान पावलं घ्या, मधे मोठी. सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो जास्त काढा, कट करायला सोपं जातं. सरळ ओढायचं असेल, म्हणजे होडी किंवा गाडी, तर तंगूस वापरा. त्याची चमक दिसत असेल तर काजळाचं बोट फिरवा. बेल्जियमच्या ‘अ टाऊन कॉल्ड पॅनिक’ (२००९) या फिल्ममधला काउबॉय पायाखालच्या प्लास्टिकच्या चौथऱ्यासकट उड्या मारत चालतो. तो खेळणं आहे हे लपवण्याची कोणी धडपड केलेली नाही, म्हणूनच आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

संवाद असतील तर बाहुलीकारांचा एक नियम पाळा. बोलणारी बाहुली किंचित हलते, बाकीच्या त्या वेळी स्थिर राहतात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्यांचे खेळ जमतील तिथे बघा. कोण बोलतंय हे ओठ न हलता कसं कळतं, याचा तो वस्तुपाठ आहे. फिल्ममध्ये आपल्याला आणखी एक सोय आहे. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा क्लोजअप दाखवायचा. ओठांचा प्रश्नच उरत नाही आणि प्रसंगाला खोलीही येते.

माझ्या मते आवाज हा या फिल्मचा खरा प्राण आहे, आणि विद्यार्थी सगळ्यात कमी वेळ त्यालाच देतात. चित्रातली वस्तू खोटी आहे, तेव्हा आवाज तरी खरा आणि पूर्ण मापाचा हवा. खेळण्यातल्या ट्रकला खऱ्या एसटीच्या इंजिनाचा आवाज द्या. लाकडी दार लावलं की वाड्याच्या दाराची कडी वाजू द्या. मावळा उभा आहे त्या शॉटवर रातकिडे, लांबवर कुत्रं, मधेच वारा असेल तर रात्र प्रेक्षकाच्या अंगावर येते. पावलांसाठी चिंचोके आणि सुपारी, घोड्यासाठी नारळाच्या करवंट्या, आगीसाठी चुरगळलेला सेलोफेन कागद. फोनचा रेकॉर्डर वितीभर अंतरावर ठेवून हे सगळं घरी होतं. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर. माणसाचा आवाज कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्यात तोंड करून घ्या, किंवा डोक्यावर गोधडी घ्या. खोलीचा पोकळपणा जातो. प्रत्येक जागेचा मिनिटभर नुसता शांततेचा आवाजही नोंदवून ठेवा, संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी त्याने भरतात. निवेदन असेल तर ते शूटिंगच्या आधी नोंदवा. शॉट किती लांब हवा हे मग तुमचं निवेदनच सांगेल. आणि खेळणी बोलतात म्हणून आवाज चिरका करू नका. साध्या, थकलेल्या, नेहमीच्या माणसाच्या आवाजात मावळा बोलला तर तो जास्त जवळचा वाटतो.

खर्चाचं म्हणाल तर दोन हजार रुपये हातात असतील तर निम्मे फोनसाठी बऱ्यापैकी स्टँड आणि एक साधा कॉलर माइक यांवर घाला. ते पुढच्या फिल्मलाही उपयोगी पडतात. उरलेल्यात बल्ब, कागद, मेण, रंग, तंगूस. सेटसाठी विकत आणण्यासारखं फारसं काही नसतं. वाळवलेली चहापत्ती शेतमातीसारखी दिसते, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झुडपं होतात. संकलनासाठी डाविन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी पुरेशी आहेत. गटात तिघंच ठेवा. एक कॅमेऱ्याशी, एकाचे हात खेळण्यांशी, आणि तिसरा वहीत प्रत्येक शॉटची नोंद ठेवणारा: दिवा कुठे होता, भाला कोणत्या हातात, मान कुठे वळलेली. शूटिंगआधी सगळी फिल्म कागदावर चौकटी काढून मांडा, त्यांचे फोटो काढा आणि निवेदनावर लावून एकदा बघा. गोष्ट तिथेच कंटाळवाणी वाटली तर खेळणी लावूनही ती वाचणार नाही.

संगीताबाबत मी कडक शब्दांत सांगेन. अमेरिकेत टॉड हेन्स यांनी १९८७ साली बार्ड कॉलेजात शिकत असताना बार्बीच्या बाहुल्या घेऊन ‘सुपरस्टार’ ही त्रेचाळीस मिनिटांची फिल्म केली. गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ मध्ये खाण्याच्या विकारातून आलेल्या आजाराने गेली, तिची ती कहाणी. ती खंगत जाते हे दाखवण्यासाठी हेन्स यांनी बाहुलीचा चेहरा तासत नेला. खेळण्यांनी केलेल्या गंभीर फिल्मचं यापेक्षा धाडसी उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पण फिल्ममधल्या गाण्यांची परवानगी घेतलेली नव्हती. कॅरनच्या भावाने दावा लावला, हेन्स हरले आणि १९९० पासून फिल्मचं अधिकृत प्रदर्शन थांबलं. तेव्हा आवडतं हिंदी किंवा मराठी गाणं ‘कॉलेजपुरतंच आहे’ म्हणून टाकू नका. उद्या तीच फिल्म मुंबईच्या मिफसारख्या लघुपट महोत्सवाला पाठवावीशी वाटली की ते गाणं आडवं येतं. वर्गातल्या कोणाला पेटी, बासरी, संबळ येत असेल तर त्याच्याकडून वीस सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या आणि त्याची लेखी संमती फाइलला लावा. नुसत्या रातकिड्यांवरही तीन मिनिटं निभतात.

तीन मिनिटांच्या पुढे जाऊ नका. स्थिर चेहऱ्यावर प्रेक्षक जेवढा वेळ आपला जीव लावू शकतो तेवढाच तो लावतो. मूळ फुटेज दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा, आणि फिल्म पूर्ण झाली की पहिल्यांदा गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला, काही न सांगता दाखवा. तो कुठे घड्याळ बघतो तिथला शॉट कापा.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. अशी फिल्म समोर आली तर हालचाल किती सफाईदार आहे यावर गुण देऊ नका. कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, दिवा कुठून आणला, कट कधी केला आणि शांततेत काय ऐकू येतं हे बघा. चार हजारांच्या फोनवर काढलेली, एकाच मावळ्याची फिल्मही त्या निकषांवर पूर्ण गुण मिळवू शकते, आणि ते गुण तिला द्या.